४५ व्या वर्षी नोकरी सोडायची असेल तर: एकदाचा खर्च आणि दरमहाचा खर्च

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून सांगलीला आला होता. त्याचे वय ३० आहे. तो आणि त्याची पत्नी दोघेही नोकरी करतात आणि कर व कपाती वजा जाता दोघांचे मिळून दरमहा १,२०,००० रुपये घरात येतात. जेवणे आटोपल्यावर त्याने विचारले, "मामा, मला ४५ व्या वर्षी नोकरी सोडून इथे विश्रामबागेतल्या घरी राहायला यायचे आहे. त्यासाठी आतापासून पोटाला किती चिमटा काढावा लागेल?"

बँकेत ३० वर्षे लोकांच्या ठेवी आणि कर्जे पाहिल्यामुळे मला हा प्रश्न नवा नव्हता, पण तो ज्या शब्दांत विचारला गेला ते मला महत्त्वाचे वाटले. बहुतेक जण पैसा कुठे गुंतवावा एवढेच विचारतात. भाच्याने खर्चाविषयी विचारले होते आणि या विषयाची सुरुवात खर्चापासूनच होते. मात्र किती खर्च कमी करायचा याच्या आधी कोणता खर्च कमी करायचा हे ठरवावे लागते, आणि ते ठरवले नाही तर माणूस नको तिथे मन मारतो व नको तिथे सैल सोडतो. त्या रात्री आम्ही वहीत जो हिशेब मांडला, तोच इथे सविस्तर देत आहे.

लवकर निवृत्त होणे याचा आर्थिक अर्थ एवढाच, की आपल्याजवळ साठलेल्या गंगाजळीतून दर वर्षी खर्चापुरती रक्कम काढली तरी ती आपल्या हयातीत आटणार नाही. म्हणजे गंगाजळी किती हवी हे पगारावर अवलंबून नसते, तर वर्षाच्या खर्चावर अवलंबून असते. महिना दोन लाख मिळवून पावणेदोन लाख खर्च करणाऱ्या कुटुंबाला जेवढी गंगाजळी लागेल, तिच्या एक तृतीयांशाहून कमी रकमेत साठ हजार मिळवून पन्नास हजारांत भागवणारे कुटुंब निवृत्त होऊ शकते.

वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम साठली की झाले, असे एक सूत्र आज सर्वत्र सांगितले जाते. त्याचा उगम अमेरिकेत आहे. विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागारांनी १९९४ मध्ये तिथल्या शेअर बाजाराची, सरकारी रोख्यांची आणि महागाईची जुनी आकडेवारी तपासली. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी गंगाजळीच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे दर वर्षी महागाईइतकी ती वाढवत नेली, तर निवृत्तीचा आरंभ वाईट काळात झाला तरी पैसा ३० वर्षे पुरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९९८ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी अशाच स्वरूपाचा अभ्यास केला आणि हे सूत्र जगभर पसरले. शंभराला चाराने भागले की पंचवीस येतात, ते हे २५ पट.

सूत्र चांगले आहे, पण ते जसेच्या तसे उचलून सांगलीच्या घरात लावणे मला धोक्याचे वाटते. ते मुळात ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी होते, म्हणजे साठीत नोकरी संपवणाऱ्या माणसासाठी. ४५ व्या वर्षी थांबणाऱ्याला ४० ते ४५ वर्षे काढायची असतात. शिवाय अमेरिकेतील महागाई आणि आपल्याकडील महागाई यांत फरक आहे. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान ठेवण्याचे उद्दिष्ट दिलेले आहे. हे ४ आणि ६ मधले अंतर कागदावर लहान दिसते. प्रत्यक्षात ते किती मोठे आहे हे पाहण्यासाठी ७२ ला महागाईच्या दराने भागावे, म्हणजे किंमती किती वर्षांत दुप्पट होतील ते कळते. ४ टक्के महागाईत १८ वर्षांनी दुप्पट, ६ टक्क्यांत १२ वर्षांनी. आज महिना ६०,००० रुपयांत चालणारे घर ४५ ते ८१ या ३६ वर्षांत ४ टक्के महागाईने २,४०,००० वर जाईल, तर ६ टक्के महागाईने ४,८०,००० वर. म्हणून मी भाच्याला २५ ऐवजी ३३ पट धरायला सांगितले. हा आकडा कोणत्याही नियमात लिहिलेला नाही. दर वर्षी ४ ऐवजी साधारण ३ टक्केच काढावे, या सावधगिरीतून तो आला आहे.

आता वेळेचा हिशेब. पगार महागाईइतकाच वाढत जाईल, जमवलेला पैसा काही प्रमाणात भविष्य निर्वाह निधीत आणि काही प्रमाणात शेअरच्या म्युच्युअल फंडांत राहील आणि तो महागाईपेक्षा वर्षाला ४ टक्के जास्त वाढेल, असे धरू. असे धरले की सगळे आकडे आजच्या रुपयांत मोजता येतात. शून्यापासून सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने उत्पन्नाच्या २० टक्के बाजूला टाकले, तर ३३ पट साठायला सुमारे ४७ वर्षे लागतात. ३० टक्के टाकले तर ३६, ४० टक्के टाकले तर २८, निम्मे टाकले तर २१ ते २२ आणि ६० टक्के टाकले तर १६ वर्षे. भाचा दरमहा ७२,००० खर्च करून ४८,००० बाजूला टाकतो, म्हणजे ४० टक्के. आपल्या समाजात एवढी बचत करणारा तरुण कौतुकास पात्र ठरतो. तरीही २८ वर्षांनी तो ५८ चा होईल आणि राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी त्याच वयात निवृत्त होतात. ठरवल्याप्रमाणे १५ वर्षांत थांबायचे तर त्याला ६२ टक्के बाजूला टाकावे लागतील आणि पुण्यात भाडे देऊन दोघांचे घर ४५,००० रुपयांत चालवावे लागेल. हे ऐकून तो गप्प झाला. मला त्याला निराश करायचे नव्हते, पण खोटी आशा दाखवणे त्याहून वाईट झाले असते.

पण हे आकडे एका बाबतीत सुटकाही देतात. खर्च हा तराजूच्या दोन्ही पारड्यांत बसतो. दरमहाचा खर्च १०,००० रुपयांनी वाढला की वर्षाची बचत १,२०,००० रुपयांनी घटते, आणि त्याच वेळी गाठायची गंगाजळी १,२०,००० च्या ३३ पट म्हणजे ३९,६०,००० रुपयांनी वाढते, कारण तो वाढलेला खर्च निवृत्तीनंतरही चालूच राहणार असतो. भाच्याच्या बाबतीत खर्च ७२,००० वरून ८२,००० वर गेला, तर २८ वर्षांची ३४ वर्षे होतात. दहा हजारांच्या एका सवयीची किंमत सहा वर्षांहून अधिक नोकरी इतकी पडते.

आता याच्या शेजारी दुसरा खर्च ठेवून पाहू. समजा त्याने पहिल्याच वर्षी ३,००,००० रुपये एकदाच खर्च केले, आईवडिलांना आणि सासूसासऱ्यांना घेऊन लांबची यात्रा केली. ते पैसे गुंतवले असते तर २८ वर्षांत आजच्या किंमतीत ९,००,००० झाले असते. पण २८ व्या वर्षी त्याची गंगाजळी जवळजवळ २ कोटी ८५ लाखांची असेल आणि त्या टप्प्यावर व्याज व नवी बचत मिळून ती एका वर्षात १७ लाखांनी वाढत असेल. म्हणजे ती यात्रा त्याची निवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी पुढे ढकलते. दोन्ही खर्च मनाला सारखेच मोठे वाटतात. किंबहुना तीन लाखांची यात्रा उधळपट्टी वाटते आणि महिन्याचे दहा हजार किरकोळ वाटतात. हिशेबात मात्र एकाची किंमत सहा महिने आहे आणि दुसऱ्याची सहा वर्षे.

म्हणून मी भाच्याला वहीच्या पानावर दोन रकाने पाडायला सांगितले: एकदाचा खर्च आणि दरमहाचा खर्च. नंतर दुसऱ्या रकान्याचेही दोन भाग पडतात हे लक्षात आले. काही मासिक खर्चांना शेवट असतो. मुलांच्या शाळेची फी, घराच्या कर्जाचा हप्ता किंवा मुदत विम्याचा हप्ता निवृत्तीपर्यंत संपणार असेल, तर त्याला ३३ ने गुणण्याचे कारण नाही. तेच १०,००० रुपये नोकरीच्या काळापुरते खर्च झाले आणि पुढे थांबले, तर निवृत्ती ३४ ऐवजी ३२ व्या वर्षी येते. शेवट नसलेला खर्च सर्वांत जड असतो आणि तो बहुधा एखाद्या मोठ्या खरेदीच्या पोटात लपलेला असतो. मोठा फ्लॅट घेतला की त्याचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, रंगकाम आणि वीजबिल कायमचे मागे लागते. दुसरी गाडी घेतली की विमा, इंधन आणि दुरुस्ती. विकत घेण्याची किंमत फलकावर लिहिलेली असते, सांभाळण्याची नसते.

राहण्याचे ठिकाण बदलण्याचा परिणामही इथेच मोजता येतो. पुण्यातील भाडे सुटून सांगलीत स्वतःच्या घरात दोघांचे ५०,००० रुपयांत भागणार असेल, तर ३३ पट म्हणजे १ कोटी ९८ लाख पुरतात आणि आहे त्याच बचतीत २८ ऐवजी २२ वर्षे लागतात. इतका मोठा फरक कोणत्याही गुंतवणूक योजनेने पडत नाही. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी आपले घर पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहूनच दुरुस्तीची रक्कम वेगळी ठेवावी. एकाच पुराने पाच वर्षांच्या आराखड्यातील शिल्लक नाहीशी झालेली कुटुंबे मी बँकेत असताना समोर बसलेली पाहिली आहेत.

आता बचतीच्या उत्साहात जे हमखास निसटते त्याकडे येतो. माझी आई उत्तम गात असे. मिरजेतील तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिरांकडून स्वतःचा तंबोरा घ्यावा अशी तिची इच्छा होती आणि सांगलीहून मिरज किती जवळ आहे हे सांगायला नको. वडील काटकसरी होते. निवृत्तीच्या वेळी फंड मिळाला की घेऊ, असे ते म्हणत आणि त्यांनी शब्द पाळला. तंबोरा घरी आला तेव्हा आईच्या बोटांना संधिवाताने ग्रासले होते आणि तिला खुंट्या पिळवत नव्हत्या. वडिलांच्या काटकसरीमुळे माझे आणि बहिणीचे शिक्षण झाले, हे मी कधी विसरणार नाही. पण तंबोरा हा एकदाचा खर्च होता. तो वीस वर्षे आधी केला असता तर वडिलांची निवृत्ती एका महिन्यानेही लांबली नसती आणि आईला वीस वर्षे त्या तारांच्या साथीने गाता आले असते.

खर्चाच्या रकमेशेजारी त्याची मुदत लिहावी, असे मी त्यानंतर सर्वांना सांगत आलो. आईवडिलांचे गुडघे चालतात तोपर्यंतची यात्रा, मूल आठ-दहा वर्षांचे असतानाचा प्रवास, शिकण्याची उमेद असतानाचा शिकवणीचा खर्च यांना मुदत असते. ती उलटली की पैसा असूनही त्या गोष्टी मिळत नाहीत. दिवाणखान्यातील नवे फर्निचर किंवा मोठा दूरदर्शन संच आणखी दहा वर्षांनीही मिळेल, आणि कदाचित तेव्हा तो नको असेल.

जमवलेला पैसा कुठे ठेवायचा याचे उत्तर त्या मानाने थोडक्यात देता येते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणण्याची जुनी रीत होती. पेवात हळद चांगली टिकते, पण पेव हळदीचा भाव टिकवत नाही. मुदत ठेवीचे तसेच आहे. ७ टक्के व्याजावर २० टक्के कर गेला की हातात ५.६ टक्के उरतात आणि महागाई ५ टक्के असेल तर खरी वाढ अर्ध्या टक्क्याहून थोडीच अधिक असते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० पासून बराच काळ ७.१ टक्क्यांवर राहिला आहे आणि ते व्याज करमुक्त आहे. खाते १५ वर्षांचे असल्याने तिशीत उघडलेले खाते ४५ च्या सुमारास पिकते, पण त्यात वर्षाला दीड लाखाहून अधिक भरता येत नाहीत. त्यामुळे ४० वर्षे पुरवायच्या पैशातील काही भाग शेअर बाजारात ठेवल्यावाचून गत्यंतर नसते, आणि तिथे वेगळाच धोका असतो.

जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या वर गेलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली आला होता. नोकरीत असलेल्याला अशी घसरण सोसते, कारण तो पगारावर जगतो आणि स्वस्तात आणखी घेत राहतो. त्याच महिन्यात निवृत्त झालेल्याला मात्र घरखर्चासाठी पडलेल्या भावात विकावे लागते. हळदीच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भाव पडलेल्या वर्षी गरजेपोटी बेणे विकले, तर पुढच्या वर्षी भाव चढूनही त्याला काही उपयोग नसतो, कारण लावायलाच काही उरलेले नसते. अमेरिकेतील त्या अभ्यासातही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांची ओढाताण सर्वाधिक दिसली, कारण निवृत्तीची सुरुवातीची वर्षेच मंद बाजाराची आणि चढत्या महागाईची निघाली. म्हणून निवृत्तीच्या दिवशी किमान तीन ते पाच वर्षांचा खर्च ठेवींत आणि रोख्यांत वेगळा असावा, म्हणजे बाजार पडलेला असताना बेण्याला हात लावावा लागत नाही.

४५ व्या वर्षी थांबणाऱ्याची आणखी एक अडचण अशी, की वृद्धापकाळासाठीच्या बहुतेक योजनांची दारे त्याला बंद असतात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी सुरू होते. ५० नंतर घेता येते, पण कापून मिळते. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हिशेब झाला, तर १५ वर्षांच्या नोकरीचे निवृत्तिवेतन १५,००० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे महिना सुमारे ३,२१४ रुपये होते, आणि ते महागाईप्रमाणे वाढत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सर्वसाधारणपणे ६० नंतरच मिळते. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून ६० च्या आधी बाहेर पडल्यास रकमेचा काही भाग वार्षिकीत, म्हणजे ठरावीक निवृत्तिवेतन देणाऱ्या विमा योजनेत, गुंतवावा लागू शकतो. त्यामुळे ४५ ते ६० ही पंधरा वर्षे ज्या पैशावर काढायची, तो कुलपात नसलेला असावा लागतो. एकूण आकडा पुरेसा दिसत असूनही यातील किती पैसा आज हाताशी आहे हे न पाहता राजीनामा देणे ही गंभीर चूक ठरते.

आजारपणाचेही असेच आहे. नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्य विमा सुटतो. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान भारत योजनेतून ५ लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले, पण ४५ वर्षांच्या माणसाला त्यासाठी २५ वर्षे थांबायचे आहे. नोकरीत असताना, प्रकृती ठणठणीत असतानाच स्वतःचा वेगळा विमा काढून ठेवावा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. मिरजेत चांगले उपचार जवळ मिळतात हे सांगली जिल्ह्याचे भाग्य आहे. बिल मात्र तिथेही भरावेच लागते.

हे सर्व मांडून झाल्यावर भाच्याची पत्नी, जी तोपर्यंत शांतपणे ऐकत होती, म्हणाली, "मामा, हे ४५ ला थांबतील. मी कशातून थांबणार?" तिचा प्रश्न रास्त होता. नोकरीतून निवृत्ती मिळाली तरी स्वयंपाक, आजारी माणसांचे करणे आणि घरकाम यांतून कोणी निवृत्त होत नाही. ते काम कोणी कसे वाटून घ्यायचे, आणि त्यासाठी बाईंना द्यायचा पगार मासिक खर्चात धरला आहे का, हेही वहीत यायला हवे. तिने आणखी एक गोष्ट सुचवली आणि मला ती सर्वांत व्यवहार्य वाटली. पूर्ण थांबण्याऐवजी दोघांनी मिळून ४५ नंतर महिन्याला २०,००० रुपये मिळतील एवढेच काम करायचे. असे १५ वर्षे चालले, तर आजच्या किंमतीत ३६,००,००० रुपये गंगाजळीतून काढावे लागत नाहीत आणि बाजार पडलेल्या वर्षी तेच उत्पन्न ढालीसारखे उपयोगी पडते.

पाडव्याच्या दिवशी ते पुण्याला परतले. जाण्यापूर्वी भाच्याने वहीचे ते पान पुन्हा लिहून काढले. यात्रा पहिल्या रकान्यात आली आणि तिच्यापुढे येत्या फेब्रुवारीची तारीख पडली, कारण त्याच्या वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी वर्षभरात करायला सांगितली आहे. तीन खोल्यांच्या फ्लॅटसाठी त्यांनी भरलेली अनामत अजून परत मागता येते. तो फ्लॅट त्याने दुसऱ्या रकान्यात लिहिला आणि देखभाल खर्च, कर व वाढीव वीजबिल यांचा आकडा बिल्डरला विचारून भरण्यासाठी त्याच्यापुढची जागा मोकळी ठेवली.